आभाळाचा झोका मोजणारा गणिती

अनमोड घाट चढून गोव्यातून धारवाडकडे जाणाऱ्या प्रवाशाला पावसाचा उतार डोळ्यांनी दिसतो. पणजीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्यावर तो आणखी वाढतो आणि मग पूर्वेकडे झपाट्याने ओसरत जातो. जंगल विरळ होते, लाल मातीची काळी होते, भाताची खाचरे मागे पडून ज्वारी-कापसाची शेते सुरू होतात. धारवाडच्या सुभाष रोडवर, मनोहर ग्रंथमालेमुळे कन्नड साहित्यात नाव झालेल्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर पोचेपर्यंत हा आकडा ८०० मिलिमीटरच्या घरात आलेला असतो. आणखी पूर्वेला नवलगुंदकडे गेले की तोही टिकत नाही. ढग तेच, वारे तेच. मात्र घाटाच्या एका बाजूला पाण्याचा सुकाळ आणि दुसऱ्या बाजूला मृगापासून आभाळाकडे लागलेले डोळे.

हे वारे एखाद्या वर्षी दगा देणार आहेत का, हे आधी कळावे यासाठी ज्या माणसाने आयुष्याची वीस वर्षे भारतात आकडे मांडण्यात घालवली, त्याचे नाव सर गिल्बर्ट वॉकर. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते आणि धारवाड मुंबई इलाख्यात होते. वॉकर यांच्या खात्याची हद्द सरहद्दीपाशी संपत होती, मोसमी वाऱ्यांची मात्र नव्हती. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ते आले, त्याचे पूर्ण उत्तर त्यांना मिळाले नाही. पण शोधता शोधता जे हाती लागले, त्याच्या आधारे आज पॅसिफिक महासागरातील चिमुकली बेटराष्ट्रे आपल्या पाण्याच्या टाक्यांचा हिशेब करतात.

दुष्काळाने घडवलेले खाते

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि लगेचच त्याची कसोटी लागली. १८७६ साली दख्खन, कर्नाटक आणि मद्रास इलाख्यात पाऊस रुसला. मुंबई इलाख्यातील धारवाड, बेळगाव आणि कलादगी या जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. पुढच्या वर्षीही मोसमी पाऊस देशभर फसला. लाखो माणसे दगावली. पाऊस न पडणे हे त्याचे एक कारण होते. धान्याची निर्यात चालूच राहणे, भाव कडाडणे आणि मदतीच्या कामांवर अपुरी मजुरी मिळणे ही कारणेही तितकीच खरी होती. या आपत्तीनंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि पावसाचा अंदाज आधी बांधता येईल का, हा प्रश्न राज्यकारभाराचा प्रश्न बनला.

खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाकडे लक्ष वेधले. ज्या वर्षी वसंत ऋतूत हिमालयावर बर्फ अधिक साठते, त्या वर्षी पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो, असे त्यांचे निरीक्षण होते. १८८६पासून या आधारावर नियमित अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी अंदाजाचा व्याप वाढवला. त्यांची अंदाजपत्रके पानेच्या पाने भरू लागली. पण १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाची आशा दाखवली आणि प्रत्यक्षात शतकातील अत्यंत भीषण अवर्षणांपैकी एक पदरी आले. गुजरात-राजस्थानात तो दुष्काळ छपनिया म्हणून आजही लोकांच्या स्मरणात आहे. वृत्तपत्रांतून खात्यावर टीकेची झोड उठली. पुढे काही वर्षे हे अंदाज जनतेसमोर न ठेवता केवळ सरकारी अधिकाऱ्यांपुरते गोपनीय ठेवण्यात आले.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या इलियट यांनी आपल्या जागी हवामानशास्त्रज्ञ सुचवला नाही. त्यांनी एक गणिती निवडला.

बूमरँग फेकणारा प्राध्यापक

गिल्बर्ट टॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या रॉचडेल येथे झाला. वडील अभियंता होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडन येथे स्थिरावले आणि वॉकर यांचे बालपण तेथे गेले. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १८८९ साली गणिताच्या अंतिम परीक्षेत सर्वप्रथम आले. केंब्रिजमध्ये या मानाला सीनिअर रँग्लर म्हणत. मराठी वाचकांना हा शब्द रँग्लर परांजपे यांच्यामुळे परिचित आहे. दहा वर्षांनी, १८९९ साली, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी तोच मान मिळवला.

अति अभ्यासाने वॉकर यांची प्रकृती ढासळली आणि विश्रांतीसाठी काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तेथे ते बर्फावरील घसरखेळात निष्णात झाले. गतीचे गणित हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि तो केवळ कागदावरचा नव्हता. फिरत्या भोवऱ्याचा तोल, बासरीतून निघणारा स्वर, पंख न हलवता घिरट्या घालणारा पक्षी, फेकणाऱ्याकडे परत येणारे ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे बूमरँग, या सगळ्यांत त्यांना समीकरणे दिसत. केंब्रिजच्या हिरवळीवर ते तासन्‌तास बूमरँग फेकत. त्यावर त्यांनी १८९७ साली शोधनिबंध लिहिला आणि मित्रमंडळींत त्यांचे टोपणनावच बूमरँग वॉकर असे पडले.

हवामानाचा त्यांना तोवर काडीचाही अनुभव नव्हता. भारतातील पद स्वीकारल्यावर त्यांनी आधी युरोप-अमेरिकेतील हवामान संस्थांना भेटी देऊन तेथील कामकाज पाहिले. १९०३ साली ते भारतात आले आणि १९०४च्या आरंभी खात्याची सूत्रे त्यांनी हाती घेतली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले.

सिमल्यातील आकडेमोड

खात्याचे मुख्यालय तेव्हा सिमल्याला होते. वॉकर यांच्यासमोरचा पेच सरळ होता. मोसमी पाऊस का पडतो, कमी-जास्त का होतो, याचे भौतिक स्पष्टीकरण त्या काळच्या विज्ञानाकडे नव्हते. उपग्रह नव्हते, समुद्रावरील निरीक्षणे तुरळक होती, उंच आकाशातील वाऱ्यांची माहिती जवळजवळ शून्य होती. मग कारण माहीत नसताना अंदाज कसा बांधायचा?

त्यांनी वेगळी वाट धरली. कारण सापडेपर्यंत थांबण्यापेक्षा जगभरातील वेधशाळांच्या जुन्या नोंदी गोळा करायच्या आणि कोणत्या ठिकाणचा कोणता बदल भारतातील पावसाच्या आधी नेमाने घडतो, ते तपासायचे. एक रकाना वर चढताना दुसराही चढतो का, की उतरतो, आणि हे नाते किती घट्ट आहे, हे एका संख्येत सांगणारी सहसंबंधाची संख्याशास्त्रीय रीत नुकतीच विकसित झाली होती. ती रीत हवामानाला मोठ्या प्रमाणावर लावण्याचे श्रेय वॉकर यांचे. गणकयंत्रांच्या आधीच्या त्या काळात ही आकडेमोड खात्यातील भारतीय कारकुनांनी हातांनी केली. वर्षानुवर्षांचे दाब, तापमान व पाऊस यांचे तक्ते मांडायचे, सरासरीपासूनचा फरक काढायचा, गुणाकार करायचे, बेरजा घ्यायच्या आणि पुन्हा पडताळायच्या, असे ते काम होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अधिकारी अन्यत्र गेले, पण हे तक्ते थांबले नाहीत.

या तक्त्यांतून निघालेले पहिले सूत्र १९०९च्या सुमारास वापरात आले. त्यात चार घटक होते: हिमालयातील बर्फाचा साठा, दक्षिण अमेरिकेतील वसंत ऋतूतील वायुदाब, मॉरिशसमधील मे महिन्याचा वायुदाब आणि झांझिबारमधील एप्रिल-मेचा पाऊस. गोव्याच्या वाचकाने या यादीपाशी क्षणभर थांबावे. झांझिबारच्या बंदरात त्या काळी गोमंतकीय कारकून, शिंपी, आचारी आणि दुकानदार यांची वस्ती होती. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी राबत होती. आपली माणसे पोटासाठी ज्या बेटांवर गेली, त्याच बेटांवरच्या पाऱ्याकडे आणि पर्जन्यमापकाकडे आपल्या पावसाचा अंदाज पाहू लागला होता. भारतातील शेतकऱ्याचे नशीब हिंदी महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यांशी बांधलेले आहे, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत यापूर्वी कोणी मांडले नव्हते.

संपूर्ण भारताला एकच अंदाज देण्यात अर्थ नाही, हेही वॉकर यांच्या ध्यानात आले. एकाच वर्षी पंजाबात ओढ आणि आसामात महापूर असू शकतो. म्हणून पुढे त्यांनी देशाचे भाग पाडले आणि द्वीपकल्प, वायव्य भारत असे वेगवेगळे अंदाज देण्याची पद्धत सुरू केली. घाटाच्या दोन बाजूंचा फरक रोज पाहणाऱ्या आपल्या प्रदेशाला या विचाराचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

भ्रमनिरास करण्याचे धैर्य

वॉकर यांच्या कामाचा एक पैलू फारसा सांगितला जात नाही. जितके संबंध त्यांनी जोडले, त्याहून अधिक त्यांनी खोडून काढले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूर्यावरील डागांवर मोठी भिस्त होती. हे डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात. दुष्काळही त्याच चक्राने येतात, असे अनेक विद्वान मानत. नामांकित इंग्रज शास्त्रज्ञ त्या बाजूचे होते आणि पुण्याच्या केरूनाना छत्रे यांनीही सूर्याचे डाग व हवामान यांच्या संबंधाचा विचार केला होता. वॉकर यांनी पावसाच्या नोंदी घेऊन हा समज तपासला आणि त्यावर दुष्काळाचा अंदाज उभा राहू शकत नाही, हे दाखवले. जंगलतोडीमुळे किंवा अन्य कारणाने भारताचे हवामान कायमचे कोरडे होत चालले आहे, ही भीतीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पसरली होती. उपलब्ध नोंदी त्या भीतीला दुजोरा देत नाहीत, असे त्यांनी १९१०च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पष्ट केले.

त्यांची गणिती शिस्त येथेच दिसते. शंभर रकाने घेऊन एकमेकांशी ताडून पाहिले, तर त्यांतले काही केवळ योगायोगाने जुळणारच. अशी जुळणी म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे. जितकी अधिक तपासणी, तितकी पुराव्याची पातळी उंच हवी, असा निकष त्यांनी १९१४ साली मांडला. संख्याशास्त्रात तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आकड्यांतून हवे ते निष्कर्ष काढणे किती सोपे असते, हे आजच्या वाचकाला अधिक चांगले ठाऊक आहे.

गुण पारखण्याची हीच नजर माणसांच्या बाबतीतही होती. १९१३ साली कामानिमित्त मद्रासला गेले असता त्यांना बंदर न्यासातील एका कारकुनाच्या वह्या दाखवण्यात आल्या. त्या श्रीनिवास रामानुजन यांच्या होत्या. त्या कामाचा मोठेपणा ओळखून वॉकर यांनी २६ फेब्रुवारी १९१३ रोजी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिले आणि या तरुणाला पोटाची चिंता न करता गणित करता यावे, अशी शिफारस केली. थोड्याच दिवसांत रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्यात हवामान खात्याच्या प्रमुखाचा हात होता, हे मात्र क्वचितच आठवले जाते.

महासागरांचा झोका

१९२३ आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत वॉकर यांनी वीस वर्षांच्या आकडेमोडीचे सार मांडले. जगाच्या हवामानात तीन मोठे झोके आहेत, असे त्यांना दिसले होते. दोन उत्तरेकडचे होते, एक उत्तर अटलांटिकवरचा आणि दुसरा उत्तर पॅसिफिकवरचा. तिसरा सर्वांत मोठा होता. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला, डार्विन आणि जावाच्या परिसरात, तो उतरतो. पॅसिफिकवर उतरला की इकडे चढतो. लहान मुलांच्या सी-सॉच्या फळीसारखी ही चढ-उतार हजारो मैलांवर, महिनोन्‌महिने चालते. तिला त्यांनी दक्षिणी आंदोलन, म्हणजेच सदर्न ऑसिलेशन, असे नाव दिले.

ही फळी हिंदी महासागराच्या बाजूने दाब चढवून बसली की भारतात पावसाची ओढ बसण्याची शक्यता वाढते. १८७७, १८९९ आणि वॉकर यांच्याच कारकिर्दीतील १९१८ ही तिन्ही दुष्काळी वर्षे या झोक्याच्या एकाच टोकाची होती. १९१८ साली देशभरातील पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्के कमी झाला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने गावेच्या गावे ओस पाडली.

पण झोका सापडला म्हणून अंदाजाचा प्रश्न सुटला नाही. वॉकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संशोधकांना एक विचित्र गोष्ट आढळली. दक्षिणी आंदोलनाची उन्हाळ्यातील स्थिती भारताच्या पावसाविषयी जेवढे सांगते, त्याहून भारतातील पाऊस पुढील महिन्यांतील आंदोलनाविषयी अधिक सांगतो. मोसमी पावसाचा अंदाज जगाकडून मागायला निघालेल्या माणसाला, जगाचाच अंदाज काही अंशी मोसमी पावसात दडलेला आहे, असे उत्तर मिळाले होते.

१९२४ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला आणि लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांनी स्वीकारले. १९३४पर्यंत ते त्या पदावर होते. दरम्यान १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले. शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. वॉकर यांच्या काळाची मराठी मुलखात उरलेली ही सर्वांत ठळक खूण.

उतारवयात त्यांना बासरी, चित्रकला आणि पक्ष्यांचे उड्डाण या जुन्या छंदांची साथ होती. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी, इंग्लंडमधील सरे परगण्यात त्यांचे निधन झाले. कारण न सांगता केवळ संबंध दाखवणाऱ्या त्यांच्या पद्धतीकडे अनेक समकालीन संशयाने पाहत. मृत्युलेखातही, या साऱ्या खटाटोपातून जागतिक हवामानाचा सिद्धान्त उभा राहील ही आशा फळाला आलेली दिसत नाही, अशा आशयाची नोंद झाली.

मृत्यूनंतर उलगडलेले कोडे

अवघ्या दहा-अकरा वर्षांत हे मत बदलले. नॉर्वेत वाढलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे शास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६०च्या दशकात पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदी वॉकर यांच्या झोक्याशी ताडून पाहिल्या. पेरूचे कोळी काही वर्षांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उष्ण पाण्याला एल निनो म्हणत. ते उष्ण पाणी आणि वॉकर यांचा दाबाचा झोका ही एकाच घटनेची दोन अंगे होती. एरवी पॅसिफिकवर वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, उष्ण पाणी आशियाच्या बाजूला ढकलतात आणि तेथे हवा वर चढून पाऊस पडतो. हे वारे मंदावले की उष्ण पाणी मध्य व पूर्व पॅसिफिककडे पसरते आणि पाऊसही त्याच्यामागे सरकतो. हवेच्या या प्रचंड फेऱ्याला ब्यर्कनेस यांनी १९६९ साली वॉकर यांचेच नाव दिले. वॉकर अभिसरण ही संज्ञा आज प्रत्येक हवामान खात्यात रूढ आहे. कारकुनांच्या तक्त्यांतून निघालेल्या नात्याला अखेर समुद्रात कारण सापडले.

याचा सर्वाधिक उपयोग झाला तो पॅसिफिकमधील लहान बेटराष्ट्रांना. मार्शल बेटे, मायक्रोनेशिया, किरिबाती, तुवालू यांसारख्या देशांतील कितीतरी बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच आहेत. तेथे नदी नाही, धरण नाही. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवायचे आणि बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर विहिरीतून काढायचा, एवढाच आधार. काही आठवडे पाऊस आला नाही तर टाक्या रिकाम्या होतात. काही महिने आला नाही तर विहिरी खारट होतात. अशा ठिकाणी तीन महिने आधी मिळालेली सूचना म्हणजे तीन महिन्यांचे पाणी.

१९९७ साली एल निनो बळावू लागला, तेव्हा हवाईस्थित केंद्राने उत्तर पॅसिफिकमधील बेटांना येऊ घातलेल्या अवर्षणाची सूचना काही महिने आधी दिली. बेटांवर कृतिदले नेमली गेली, गळक्या जलवाहिन्या दुरुस्त करण्यात आल्या, लोकांना टाक्या झाकून पाणी जपून वापरायला सांगण्यात आले. तरीही १९९८च्या सुरुवातीला मार्शल बेटांची राजधानी माजुरो येथे नळाचे पाणी पंधरवड्यातून काही तासांवर आले आणि समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे बाहेरून आणावी लागली. २०११ साली झोका दुसऱ्या टोकाला, ला निनाकडे, गेला आणि तुवालूवर पाळी आली. २८ सप्टेंबर रोजी तेथे आणीबाणी जाहीर झाली. राजधानी फुनाफुतीतील कुटुंबांना दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागले.

आज या देशांतील हवामान कार्यालये दरमहा तोच हिशेब मांडतात. गेल्या तीन, सहा आणि बारा महिन्यांत किती पाऊस झाला, तो जुन्या नोंदींच्या तुलनेत किती खाली आहे, टाक्यांत किती पाणी आहे, विहिरीचा खारटपणा वाढतो आहे का आणि ताहिती व डार्विन येथील दाबांमधला फरक कोणत्या बाजूला कलतो आहे, हे त्यात पाहिले जाते. शेवटचा रकाना थेट वॉकर यांच्या वहीतून आलेला आहे. ज्या मॉरिशसच्या पाऱ्याने भारताला मदत केली, त्या मॉरिशसलाही १९९९ साली तीव्र अवर्षणाने गाठले आणि उसाच्या पिकाला जबर फटका बसला. गिरमिटियांच्या वंशजांनी त्या वर्षी नळाला पाणी नसण्याचे दिवस पाहिले.

घाटाच्या दोन्ही बाजूंना

भारतातही वॉकर यांची परंपरा खंडित झाली नाही. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १६ घटकांचे नवे प्रारूप आले आणि त्याने बरीच वर्षे साथ दिली. त्याच काळात, १९९७ साली, शतकातील सर्वांत बलवान एल निनोपैकी एक असूनही भारतात सरासरीइतका पाऊस पडला. उलट २००२ साली चांगल्या पावसाचा अंदाज असताना जुलै महिना जवळजवळ निम्म्या पावसावर संपला. कोणतेही सूत्र कायमचे नसते. नाती बदलतात आणि पुन्हा तपासावी लागतात, हा वॉकर यांचाच धडा त्यातून नव्याने मिळाला.

कर्नाटकाने १९८८ साली दुष्काळावर सतत नजर ठेवणारा स्वतंत्र कक्ष उभारला. देशात अशा प्रकारचा तो पहिलाच होता. आज त्याचे रूपांतर राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्रात झाले असून ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक पोचले आहेत. २०२३ साली एल निनोच्या छायेत पाऊस रोडावला, तेव्हा राज्यातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. ही घोषणा कोणाच्या अदमासावर झाली नव्हती. तिच्यामागे गावागावांतील नोंदी होत्या.

तरीही नोंद म्हणजे पाणी नव्हे. हुबळी-धारवाडच्या अनेक भागांत नळाला आजही काही दिवसांआड पाणी येते. या शहरांची तहान ज्या मलप्रभेवर अवलंबून आहे, ती खानापूर तालुक्यातील कणकुंबीजवळ उगम पावते. गोव्याची जीवनदायिनी म्हादई आणि तिला मिळणारा कळसा नालाही त्याच डोंगररांगेतले. एका उतारावरचे पाणी पूर्वेला जाते, दुसऱ्या उतारावरचे पश्चिमेला. त्यांच्या वाटपाचा वाद लवादापुढे गेला, २०१८ साली निवाडा आला आणि तरीही प्रश्न न्यायालयाच्या दारात उभाच आहे. वाद कोणाच्या बाजूने सुटायचा तो सुटो. पण ज्या वर्षी त्या डोंगरावरच पाऊस कमी होईल, त्या वर्षी दोन्ही उतारांवरची माणसे एकाच संकटात असतील. ३,००० मिलिमीटर पावसाच्या भरवशावर निर्धास्त राहणाऱ्या गोव्यातही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि जूनचा पाऊस आठवडाभर लांबला की धरणाच्या पातळीकडे नजरा वळतात. पाण्याच्या बाबतीत आपणही एका अर्थाने बेटावरच राहतो. चार महिन्यांत जे पडेल त्यावर उरलेले आठ महिने काढायचे असतात.

अशा प्रदेशाला भांडणाच्या कागदांइतकीच गरज आहे ती त्या डोंगरांवरच्या पावसाच्या सामाईक, उघड्या आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या नोंदीची. वॉकर यांनी सिमल्यात बसून अर्जेंटिना, मॉरिशस, झांझिबार आणि डार्विन येथील आकडे एका तक्त्यात आणले. ते देश एकमेकांचे कोणी लागत नव्हते. त्यांच्या नोंदी मात्र एकमेकांशी बोलत होत्या, कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या अनाम निरीक्षकांनी रोज सकाळी पर्जन्यमापक रिता करून प्रामाणिकपणे आकडा लिहून ठेवला होता. वॉकर यांच्या कामाचा पाया तो होता, आणि दुष्काळाची कोणतीही आगाऊ सूचना आजही त्याच पायावर उभी राहते.